मामाचे पाय

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात कामावर होतो. समोर पालथं झोपलेलं गिऱ्हाईक, हात तेलात. फोनवर मामीचं नाव दिसलं आणि कळायचं ते कळलं... तरी मी आधी त्या माणसाची पाठ पूर्ण केली, मग फोन केला. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

स्वीडिश मसाज शिकायचं ठरवलं तेव्हा घरात वडिलांनी बोलणं टाकलं आणि गावानं ‘मालिशवाला’ म्हणून हाका मारल्या. तेलगावात कापडाचं दुकान चालवणाऱ्या मामानं मात्र एवढंच विचारलं, “आपलं करडीचं तेल चालतंय का त्याला?” सुट्टीत मला सरावाला माणूस हवं असायचं. मामानं दुकानातला लांब बाक मागच्या खोलीत नेला आणि तोंड खाली ठेवायला सुताराकडून त्याला चक्क भोक पाडून घेतलं. मामीनं कपाळावर हात मारला. त्या भोकातून मामा जमिनीशी बोलायचा, “भाचे, जरा वर... हां, तितंच!” कुणी हसलं की तसाच पडल्या पडल्या ओरडायचा, “कावून हसता? शिक्षण चाललंय!”

पाठ, मान, खांदे, सगळं मी त्याच्यावर शिकलो. पायांपाशी आलो की मात्र तो उठून बसायचा. आमच्याकडे भाच्यानं मामाच्या पायाला हात लावायचा नसतो. मामाच भाच्याच्या पाया पडतो. “न्हाई भाचे. पाप मला लागतंय,” म्हणायचा, आणि दुकानात कापड बघायला आलेल्या कुणाला तरी धरून माझ्यापुढं पाय उघडे करून बसवायचा.

शेवटची भेट अंबाजोगाईच्या दवाखान्यात झाली. मामा पार खंगला होता. पाय सारखे ठणकायचे. मामी दाबायची, पण तिचीच बोटं संधिवातानं वाकलेली. मी पुढं झालो तर त्यानं पाय चादरीत ओढून घेतले. रोज परक्यांचे पाय चोळणारा मी नुसता बघत बसलो. दुपारी त्याचा डोळा लागला, मामी डबा धुवायला गेली, आणि मी चादर सारली. हलक्या हातानं, घोट्यापासून वर... शिकलो होतो तसं. त्याचं दुखणं थांबावं असं वाटत होतं, हे खरं. पण माझ्या हातांचा गुण त्याला कळावा, ही हौसही होतीच.

संध्याकाळी तो म्हणाला, “आज पाय लई हलके झालेत. तुमच्या मामीच्या हाताला गुण आलाय.” मामीनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. रात्र दवाखान्यातच काढून दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघालो.

दिवसकार्य आटोपल्यावर मामी म्हणाली, “त्यांना कळलं हुतं रे. दवाखान्यात तू पहाटं खाली सतरंजीवर झोपलेला. मला म्हनले, धर मला. खाटंवरून उतरले आन् तुझ्या पायावर डोकं ठेवलं. मी नको नको म्हनत हुते... लई धाप लागली मग.”

ज्याला पाण्याचा तांब्याही उचलवत नव्हता, त्याला मी फरशीवर उतरायला लावलं होतं. आणि मी झोपलो होतो.

बाक अजून मागच्या खोलीत आहे, भोकासकट. परवा मी त्यावर पालथा पडलो. मामा ज्या फरशीशी बोलायचा ती पाहत राहिलो. मामी कधी आली कळलं नाही. “दमलास व्हय रे?” म्हणत तिनं माझ्या पायांवर हात ठेवला.

मी पाय ओढून घेतले.