ताईचं अडलेलं आमेन

माझी थोरली बहीण शर्टांना काजं करते. दुकानातून शिवलेल्या शर्टांचे गठ्ठे घरी येतात आणि ती खिडकीपाशी बसून हातानं काजं घालते, बटणं लावते. काम एवढं बारीक, पण बोलणं सणसणीत. माझे दाजी नळ दुरुस्त करतात, शिवाय चर्चच्या पंचांपैकी एक आहेत. लोकांच्या भिंतीआडची गळती त्यांना नुसत्या आवाजावरून सापडते. स्वतःच्या घरातली मात्र कधी ऐकू आली नाही.

बायको गेल्यापासून मी दर रविवारी उपासनेनंतर त्यांच्याकडे जेवतो. दाजींचा एक नियम आहे. जेवणाआधी प्रार्थना, आणि टेबलावरच्या प्रत्येकानं ‘आमेन’ म्हटल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. नियम चांगलाच आहे. पण त्या प्रार्थनेत जे चालायचं ते आठवलं की या वयातही माझ्या कानशिलं तापतात. ‘प्रभू, हिच्या जिभेला लगाम घाल. प्रभू, हिला नवऱ्याचं ऐकण्याची बुद्धी दे.’ हेच दाजी तोंडावर बोलले असते, तर ताईनं जागच्या जागी उत्तर दिलं असतं. पण देवाशी बोलणाऱ्या माणसाला मध्येच कोण अडवणार? तिनं मान खाली घालायची आणि आम्ही बाकीच्यांनी म्हणायचं, आमेन. त्यांच्या लग्नापासून एकतीस वर्षं हेच!

गेल्या महिन्यात पाळकांनी दाजींना सांगितलं, ‘लग्न ठरलेली दोन जोडपी आहेत, त्यांना घरी जेवायला बोलवा. ख्रिस्ती संसार कसा असतो, देवाची कृपा घरात कशी उतरते, ते जवळून बघू द्या.’ दाजींनी लगेच हो म्हटलं. ताईला त्यांनी हे सांगितलं आदल्या संध्याकाळी.

“आधी सांगायला काय जीभ झिजत होती?” एवढंच ती म्हणाली. पहाटे उठून तिनं सगळा स्वयंपाक केला, गठ्ठे पलंगाखाली सारले, शेजारून दोन खुर्च्या आणल्या.

दुपारी आम्ही सात जण टेबलाभोवती बसलो. भाताची वाफ निघत होती. दाजींनी डोळे मिटले. पाहुण्यांसाठी, त्यांच्या संसारासाठी छान बोलले. आणि मग म्हणाले, “प्रभू, पाहुण्यांचं ओझं मानणारं मन या घरात आहे. ते तू बदल. आमेन.”

सवयीनं मीही म्हणालो. जोडपी चाचरत म्हणाली. ताई म्हणाली नाही.

“झालं सांगून देवाला?” तिनं विचारलं. “आता डोळे उघडा आणि मला सांगा.”

“अगं, प्रार्थना चाललीय.”

“ही कसली प्रार्थना? चहाडी आहे ही. बाप वर बसलाय म्हणून रोज त्याच्याकडे बायकोची चहाडी! पहाटेपासून चुलीपुढे उभी आहे मी, आणि ओझं मानते होय?”

“पाहुण्यांसमोर तमाशा नको.”

“सुरुवात कुणी केली पाहुण्यांसमोर?”

“आमेन म्हण आणि जेवू दे सगळ्यांना.”

“नाही म्हणत. नियम तुमचा आहे, पाळा.”

ताटं तशीच राहिली. दाजी माझ्याकडे वळले. “तू तरी समजव तिला.”

एक वाक्य बोलायचं होतं. ‘दाजी, तिचं बरोबर आहे.’ मी मिठाच्या बरणीकडे बघत बसलो.

तेवढ्यात एका मुलीनं, अगदी साध्या मनानं विचारलं, “काका, लग्नानंतर आम्हीपण अशीच प्रार्थना करायची का?”

तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं खाली बघितलं. दाजींची मान लाल झाली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग डोळे मिटले. “प्रभू, मला...”

“माझ्याकडे बघून,” ताई म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले.

“तुला आधी विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. “आणि आत्ता हे बोलायला नको होतं. चुकलो.”

“आत्ताच फक्त?”

“नाही. आजवर.”

“माझा राग गेलेला नाही,” ताई म्हणाली. “तो आज जायचाही नाही. पण मलाही देवानं काही लायकी बघून माफ केलेलं नाही. म्हणून म्हणते. आमेन. वाढून घ्या.”

भात गार झाला होता. माझ्या ताटात वाढताना ती हळूच म्हणाली, “आणि तू रे, धाकट्या? तुझे दाजी परक्या घरचे. तू तर पाठचा भाऊ. सगळ्यात मोठ्यानं आमेन तुझंच असायचं.”

दाजींवर संतापायचा मला काय हक्क? ते निदान डोळ्याला डोळा देऊन बोलले. मला तेही जमलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो, की कागद गुपचूप तिच्या शर्टांच्या गठ्ठ्यावर ठेवावा आणि निघून यावं. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, दाजी इतकी वर्षं तेच तर करत होते. तिच्याशी बोलायचं, पण तिच्याकडे न बघता.

कागद ठेवून येणार नाही. येत्या रविवारी, ताटं वाढायच्या आधी, तिच्या समोर बसून वाचणार आहे.