ओळीआधीची मोकळी जागा

नातीच्या प्रोग्रॅममधला पत्राचा मजकूर कोडाबरोबर उजवीकडे सरकलेला होता. छापून आलेलं पत्र मात्र समासाला नीट लागून.

"आजोबा, ओळीआधीची मोकळी जागा आता आपोआप निघते."

आमच्या वेळी ऑफिसात ती निघत नसे. कोड देखणा दिसावा म्हणून मी ओळी आत सरकवल्या, त्यांतलं पत्रही सरकलं. शेकडो पत्रांतले शेवटचे शब्द कागदाबाहेर गेले. साहेब मजकूर टाइप करणाऱ्या सुमनताईंवर ओरडले.

"मी समासाला हातही लावला नाही, साहेब," त्या म्हणाल्या.

मी गप्प बसलो. सुमनताईंची बदली झाली. निघताना त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचा कोड मात्र सुरेख दिसतो हं."

माझ्या तोंडून काही आपोआप निघालं नाही. सुमनताई, ती जागा मी घातली होती.