गिधाड्या पेटीवर बसला तेव्हा

दादा वाक्य विसरले नव्हते. मला ते त्याच क्षणी माहीत होतं. तरीही विंगेत पुस्तक धरून उभा असताना मी त्यांचं वाक्य मोठ्याने सांगितलं, इतक्या मोठ्याने की मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत ते गेलं. प्रॉम्प्टरने नटाला ऐकू जाईल आणि प्रेक्षकाला जाणार नाही अशा आवाजात बोलायचं असतं. हे मला शाळेतल्या नाटकापासून येत होतं. म्हणजे ती चूक नव्हती. चूक, चूक म्हणत मी स्वतःची समजूत घालत आलो, एवढंच.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी गिरगावात वाढलेला, फोर्टातल्या एका कचेरीत नुकताच चिकटलेला कारकून. सभांच्या निमित्ताने लालबाग-परळला जाणं-येणं वाढलं आणि काळाचौकीतल्या एका चाळीच्या गणेशोत्सवाशी ओळख झाली. त्या वर्षी त्यांना मुलांसाठी नाटक बसवायचं होतं. मी लिहितो अशी बढाई मी आधीच मारून ठेवली होती, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

मुलांच्या एका साप्ताहिकात तेव्हा शेवटच्या पानावर एक चित्रकथा येत असे. तिच्यातला खलनायक गिधाड्या. काळी झूल पांघरलेला, चोचीसारखं नाक, बोटांना नख्या. एक अख्खं शहर लोखंडी पेटीत कोंबून पळवून न्यायचं, हा त्याचा बेत. मुंबई कुणाची यावरून रस्त्यारस्त्यावर रण पेटलेलं असताना ही गोष्ट चाळीतल्या मोठ्या माणसांनाही का आवडली, ते सांगायला नको. मी चित्रांतल्या फुग्यांमधली वाक्यं उतरवून घेतली, त्यांना जड शब्दांचे दागिने घातले आणि गिधाड्यासाठी दीड पानांचं स्वगत लिहिलं. ते स्वगत मला पाठ होतं. बसच्या रांगेतसुद्धा मी ते मनातल्या मनात म्हणत असे.

गिधाड्याचं काम दादांकडे आलं. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, मूळचे मालवणकडचे, कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. उंच नव्हते, देखणेही नव्हते, पण मिशीचा अभिमान मोठा, आणि गिधाड्याला मिशी नाही म्हणून ती उतरवायला लागली तेव्हा आठवडाभर सगळ्यांवर गुरगुरत होते. गावी त्यांनी दशावतारात राक्षस केले होते. दशावतारात लिहिलेलं पुस्तक नसतं. कथा ठाऊक असते, बाकी नट उभा राहून तिथल्या तिथे रचतो. मला हे ऐकून माहीत होतं, पण त्याचा अर्थ माहीत नव्हता. हातात पुस्तक धरतो म्हणून दादा मला मास्तर म्हणत.

पहिल्याच तालमीला त्यांनी साप्ताहिकाचं ते पान मागून घेतलं. तालीम व्यायामशाळेत, रविवारी सकाळी. मल्लखांबाला टेकून ते कितीतरी वेळ चित्रं बघत राहिले. मग म्हणाले, "हेका मान नाय."

खरंच नव्हती. चित्रकाराने डोकं सरळ खांद्यांवर ठेवलं होतं. घाईत, बहुधा. मी हसलो. दादांनी पान खाली ठेवलं, खांदे वर घेतले, हनुवटी छातीत रोवली आणि तीन पावलं टाकली. मान नाहीशी झाली. माणसाला मान नसली की तो नुसतं डोकं वळवून मागे बघू शकत नाही, त्याला सगळं अंग वळवावं लागतं. दादांनी तसंच केलं. सबंध धड दारासारखं फिरलं आणि त्यांची नजर माझ्यावर आली. समोर हा ओळखीचा माणूस आहे, ही सकाळ आहे, बाहेर पोरं गोट्या खेळतायत, हे सगळं कळत असून मी एक पाऊल मागे सरलो.

नंतर त्यांनी मला दोन चित्रांवर बोट ठेवून विचारलं, "ह्या चित्रात तो दारात. ह्या चित्रात पेटयेर बसलो. मदी काय केल्यान?"

मी म्हणालो, मधलं काही नाही, वाचणारा समजून घेतो.

"मग करणाऱ्यान काय समजायचा?" म्हणत त्यांनी पान मला परत दिलं.

पुढच्या रविवारी तालमीऐवजी मला फिरायला चल म्हणाले. मलबार हिलवर पारशांच्या दखम्याभोवती, म्हणजे प्रेतं गिधाडांसाठी ठेवतात त्या जागेभोवती, दाट झाडी होती आणि तिथे गिधाडं बसलेली असायची. आम्ही गिरगावातली मुलं वाढलो ती गिधाडं डोक्यावर बघतच, म्हणून मी कधी नीट बघितली नव्हती. रस्त्याच्या कडेला उभे राहून दादा झाडांकडे बघत होते. मला ऊन लागलं, भूक लागली, कंटाळा आला. ते हलले नाहीत. एक गिधाड माडाच्या शेंड्यावर बसलं होतं, आजूबाजूला कावळे ओरडत होते, जवळ येऊन दूर पळत होते.

"बघ," दादा म्हणाले, "तो काय पण करणा नाय. आणि घाबरतत कोण, तर बाकीचे."

परतताना चौपाटीवर भेळ खाताना त्यांनी मनातली गोष्ट काढली. गिरगावात आमच्या शेजारच्या वाडीत एका नाटक कंपनीचे व्यवस्थापक राहत, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या गृहस्थांना प्रयोगाला आणता येईल का, असं त्यांनी विचारलं. मंडपात, रस्त्यात, देवळासमोर त्यांनी खूप केलं होतं. एकदा खऱ्या थिएटरात उभं राहायचं होतं, तिकीट काढून माणसं बघायला येतील असं. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, भेळेचा कागद चुरगाळत होते. मी लगेच हो म्हणालो. माझाही स्वार्थ होता. व्यवस्थापक आले की माझं स्वगत ऐकणार होते.

आणि तालमीत ते स्वगत हळूहळू दिसेनासं व्हायला लागलं. दादा रोज काहीतरी नवं करत. काल केलेलं आज नसे. लाकडी खोक्याला काळा रंग देऊन आम्ही पेटी केली होती. तिच्यासमोर ते रिकाम्या हातांनी शहर उचलायला लागले. गिरणीची चिमणी उपटताना त्यांच्या मांड्या थरथरायच्या. चिमणी हातात नाही हे दिसत असून तिचं वजन दिसायचं. रस्ता त्यांनी सुताच्या लडीसारखा हातावर गुंडाळला. समुद्राची घडी घालताना दोन्ही टोकं जुळेनात, आणि जुळेनात म्हणून गिधाड्या चिडला तशी बघायला जमलेली मंडळी पोट धरून हसली. पण हसणं संपायच्या आत तोच गिधाड्या त्यांच्याकडे अख्ख्या अंगाने वळला आणि व्यायामशाळेत सन्नाटा पसरला. एकच माणूस, कुठलंही सामान नाही, आणि तो आमचा श्वास असा वरखाली करत होता. मी खूप नाटकं बघितली होती. असं काही बघितलं नव्हतं.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, हे येतं कुठून? ते म्हणाले, गिरणीच्या खात्यात साच्यांच्या आवाजात कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, आम्ही दिवसभर हातांनी आणि ओठांनीच बोलतो. बोलणं असंही असतं, असं म्हणून त्यांनी आवाज न काढता ओठांनी मला एक शिवी दिली. ती मला स्पष्ट कळली.

त्या सगळ्यावर मी काय केलं, तर स्वगत पूर्ण म्हणाच असा हट्ट धरला. नाटक शब्दांवर उभं राहतं वगैरे बोललो. दादा "बघूया, मास्तर" एवढंच म्हणाले.

प्रयोग आरतीनंतर संध्याकाळी होता. चाळीच्या गॅलऱ्यांमधून माणसं ओथंबून आली होती. व्यवस्थापक पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, मांडीवर घडी केलेलं उपरणं. दादांनी शहर पेटीत भरलं. घडी न होणारा समुद्र पायाने आत दाबला, झाकण लावलं आणि पेटीवर बसले. इथे स्वगत होतं.

ते बोलले नाहीत. खांदे वर, मान नाही, हात गुडघ्यांवर. माडाच्या शेंड्यावरचं ते गिधाड मी ओळखलं. मुलं आधी हसली, मग गप्प झाली, मग त्यांच्या आया गप्प झाल्या. मग दादांच्या अंगाखालून काहीतरी उसळल्यासारखं त्यांचं शरीर वीतभर वर उचललं गेलं. आतून झाकणाला धक्का बसला होता. आत काहीच नव्हतं, आमचं खोकं रिकामं होतं, पण धक्का मी पाहिला. गिधाड्याने झाकण घट्ट दाबून धरलं. पुन्हा धक्का. मग तो हळूहळू खाली वाकला आणि त्याने पेटीला कान लावला. त्याच्या चेहऱ्यावर भीती यायला लागली. आतलं शहर जिवंत आहे, हे त्याला कळत होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते आम्हाला कळत होतं. सबंध काळाचौकी कान लावून होती. व्यवस्थापक खुर्चीत पुढे झुकले होते. माझ्या अंगावर काटा आला होता, हे मला आज शपथेवर सांगता येईल.

आणि त्याच वेळी मला दिसलं की आता स्वगत येणार नाही. कुणाला त्याची गरजच उरली नव्हती.

"मी गिधाड्या, या नगरीचा कर्दनकाळ," मी ओरडलो.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, "विसरला रे, विसरला," आणि हशा फुटला. दादांनी कान पेटीवरून उचलला आणि अख्खं अंग वळवून विंगेकडे बघितलं. गिधाड्याने नाही, दादांनी बघितलं. मग ते परत वळले, तो आवाज पेटीतूनच आला असं दाखवून दचकून पेटीवरून खाली पडले, आणि लोकांना पुन्हा हसवत प्रयोग शेवटाला नेला. टाळ्या भरपूर पडल्या. पण ती भीती गेली ती गेली.

नंतर व्यवस्थापकांनी मला बाजूला घेतलं. माणसाच्या अंगात काहीतरी आहे, म्हणाले. आमच्याकडे मात्र दर प्रयोगाला तेच शब्द आणि तीच जागा लागते. मग त्यांनी विचारलं, "पाठांतर कसं आहे हो त्यांचं?"

खरं सांगायला तेवढी एक जागा होती. दादांना पाठांतर चोख होतं. माझं दीड पान त्यांनी दुसऱ्या तालमीलाच म्हणून दाखवलं होतं, आणि मग बाजूला ठेवलं होतं.

"कच्चं आहे," मी म्हणालो.

व्यवस्थापकांनी मान हलवली, उपरणं खांद्यावर टाकलं आणि ते गेले. माझ्या लिखाणाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. दादा तोंडाचा रंग पुसत बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, काय म्हणाले? कळवतील, असं मी सांगितलं. दिवाळीपर्यंत ते मला भेटले की विचारत. मग विचारायचे थांबले. मीही तिकडे जायचा थांबलो.

महाराष्ट्र झाला, लालबागला दिवे लागले, माझं लग्न झालं, मुलं झाली. मी पुढे काही लिहिलं नाही. थिएटरात नाटक बघायला गेलो आणि एखादा नट काही क्षण गप्प राहिला की माझ्या हातापायांना घाम सुटायचा. बायकोला वाटायचं, मला नाटक फार भिडतं. केस पिकायला लागल्यावर एका रविवारी सकाळी मी काळाचौकीला गेलो.

दादांची खोली तीच होती. वहिनींनी मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर आत घेतलं. दादा खिडकीशी पाटावर बसले होते. मिशी परत आलेली, पांढरी. "मोठ्यान बोला," वहिनी म्हणाल्या, "साच्यार कान गेले त्येंचे."

मी मोठ्याने सुरुवात केली. दादा, मी तुमचा, असं काहीतरी. गॅलरीतली दोन माणसं दारात डोकावली. दादांनी हात वर करून मला थांबवलं.

"वरडू नको, मास्तर," ते म्हणाले. "माका दिसता."

आणि ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं नाही, मान हलवली नाही, मला सोपं जावं म्हणून काहीही केलं नाही. खांदे किंचित वर घेऊन, हात गुडघ्यांवर ठेवून ते नुसते थांबले होते. ते थांबणं मी ओळखत होतो. शेवटी मी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, एकेक शब्द सुटा करून म्हणालो:

"दादा, त्या दिवशी तुम्ही विसरला नव्हता. मला माहीत होतं. पाठांतर कच्चं आहे, असं त्या गृहस्थांना मीच सांगितलं. मला माफ करा."