वेळेआधी वाटलेले पेढे

नातीला सकाळी बाळंतपणासाठी आत घेतलं आणि आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. मी, माझी मंडळी आणि आमची लेक, म्हणजे नातीची आई. नातजावई फौजेत आहे. त्याला रजा मिळाली होती, पण त्याची गाडी अजून मनमाडच्या पलीकडं होती आणि दर मोठ्या स्टेशनावरून त्याचा फोन येत होता. "काय झालं?" एवढंच विचारायचा. काही नाही म्हटलं की ठेवून द्यायचा.

दवाखाना सांगलीकडच्या एका मेडिकल कॉलेजचा. प्रसूती विभागाच्या दाराशेजारी भिंतीवर मोठा फळा आहे आणि त्यावर हे लोक आपल्या विभागाच्या बातम्या लावतात. जतच्या बाजूला कुठल्या वाडीवर तपासणीची गाडी जाणार, कुणा डॉक्टरीणबाईंना बक्षीस मिळालं, शिकाऊ पोरापोरींनी गरोदर बायांसाठी कसलं नाटक बसवलं. एका जुळ्यांचा फोटो, दोघंही रडताना. फळ्याच्या वर सरकारी पाटी, इथं गर्भलिंग सांगितलं जात नाही. वाट बघणाऱ्या माणसाला वाचायला काहीही चालतं. मी तो फळा जवळजवळ पाठ केला.

माझ्या मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा होता. लेकीनं तो मुद्दाम साताऱ्याहून मागवला होता आणि निघताना माझ्या हातात दिला होता. "तात्या, पणतू होऊ दे न्हाईतर पणती, वाटायचे तुमीच."

थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. फळ्यावरच्या बातम्या हीच लिहिते हे आम्हाला मागाहून कळलं. अजून वेळ आहे, सगळं ठीक चाललंय, असं तिनं सांगितलं आणि मग तिचं लक्ष माझ्या मांडीकडं गेलं.

"आजोबा, आधीच पेढे?"

"आमच्या तात्यांचं पेढ्यांत जुनं नाव आहे," लेक म्हणाली, आणि मला कळलं की आता ती गोष्ट येणार.

आमच्याकडं मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, नाहीतर जिलेबी, अशी रीत. माझ्या तरुणपणी मुलीची बर्फीसुद्धा वाटली तर वाटली. अशा दिवसांत कुंडलातल्या एका फौजीनं पहिली मुलगी झाली म्हणून घरटी पेढे वाटले, आणि लोकांनी काय झालं म्हणून विचारलं तर नुसतं हसून "तोंड गोड करा आधी" म्हणाला, ही ती गोष्ट. तो फौजी मी. मुलगी माझी लेक.

लेक ही गोष्ट सांगते तेव्हा माझी मंडळी उठते. घरी असली की "दूध उतू जाईल" म्हणून आत जाते. चुलीवर दूध नसलं तरी जाते. इथं दवाखान्यात दूध कुठलं? तिनं इकडं तिकडं पाहिलं, "मी जरा पाणी भरून आणते" म्हणाली आणि भरलेली बाटली घेऊन निघून गेली.

डॉक्टरीण खूश झाली. "हे तर आमच्या फळ्यावर पाहिजेच. फोटोसकट."

ही गोष्ट माझ्या लेकीनं लहानपणापासून अंगावर दागिन्यासारखी वागवली आहे. शाळेत कुणी हिणवलं की ती हीच सांगायची. पुढं तिलाही पहिली मुलगी झाली, हीच नात, आणि सासूनं नाक मुरडलं. तेव्हा लेक म्हणाली होती, "माझ्या बापानं माझे पेढे वाटलेत. हिचेही वाटायचे." सासूला वाटावे लागले. म्हणून मी इतकी वर्षं गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. लोक चांगलं म्हणतात ते ऐकायला बरं वाटत होतं, हेही आहेच.

घडलं होतं ते असं. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून मंडळी मेढ्याकडं तिच्या आईकडं गेली होती. मी रजा काढून आलो होतो तो बाळाचं तोंड बघायला. पण बाळ काही येईना. रजा सरत आली. तिथली सुईण पोटाच्या ठेवणीकडं बघून मला म्हणाली, "पावनं, बिनघोर जावा. वाघ हाय, वाघ."

मला तेवढं पुरे झालं. एकदा युनिटात गेलो की गावात पेढे कोण वाटणार, आणि कधी? साताऱ्यात एसटी बदलायची होती. स्टँडबाहेरच्या दुकानातून पिशवी भरून कंदी पेढे घेतले आणि कुंडल गाठलं.

आई पिशवीकडं बघतच राहिली. "आरं, ती अजून मोकळी झाली न्हाई न्हवं?"

"होईल की. पर तवा मी कुटं असणार?"

"मग वाट बाबा. पर तोंडानं पोरगा म्हणू नगंस. दिष्ट लागती."

म्हणून मी पोरगा म्हणालो नाही. माझ्या मोठ्या मनाची जी गोष्ट झाली, ती एवढ्यावर उभी आहे. घरोघर गेलो. "गड्या, काय झालं रं?" म्हणून विचारलं की "तोंड गोड कर आधी" म्हणायचो. मिशीला पीळ देऊन म्हणायचो, हेही सांगून टाकतो. त्याच संध्याकाळी गाडीत बसलो.

मग काही दिवसांनी मेढ्याकडून निरोप आला की मुलगी झाली. निरोपच उशिरा पोचला असं समजून गावानं दोन्ही गोष्टींची सांगड घातली. फौजी बायकोच्या माहेराहून आला, पेढे वाटून गेला, मुलगी झाली हे ओठावरसुद्धा आणलं नाही, वा रे गडी. हेडमास्तरांनी शाळेत पोरांना सांगितलं. पुढच्या रजेत मी एसटीतून उतरलो तर एकानं पाठीवर थाप मारली. "मानलं गड्या तुला." कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. घरी गेल्यावर आईनं सांगितलं. ती म्हणाली, "लोकं चांगलं म्हणत्यात तर म्हणू दे."

याहून वाईट एक गोष्ट आहे, ती आईलाही ठाऊक नव्हती. निरोप युनिटात पोचला तेव्हा जोडीदारांनी मला घेरलं आणि पेढे मागितले. मी म्हणालो, "मुलगी झालीय, कसले पेढे." आणि काहीच वाटलं नाही. म्हणजे वाटले ते न आलेल्या पोराचे. आलेल्या पोरीच्या नावानं लिमलेटची एक गोळीसुद्धा कुणाला दिली नाही.

तर फोटो. डॉक्टरीण मोबाइल घेऊन समोर उभी राहिली. "आजोबा, पुडा सोडा आणि ताईंना एक पेढा भरवा."

लेकीनं पदर सारखा केला, हसून तोंड पुढं केलं. माझा हात दोऱ्याच्या गाठीवर गेला आणि तिथंच राहिला.

"बाळ येऊ दे आधी," मी म्हणालो.

"फोटोपुरता हो तात्या."

"न्हाई. एकदा आधी वाटून बसलोय मी."

लेकीला वाटलं, मी चेष्टा करतोय. माझ्या चेहऱ्याकडं बघून तिनं पदर सोडला. मग मी सगळं सांगितलं. सुईण, पिशवी, आई, थाप. युनिटातलंही सांगितलं. डॉक्टरीण मोबाइल खाली घेऊन ऐकत होती. एवढ्यात मंडळी बाटली घेऊन परत आली आणि चाललेलं बोलणं ऐकून जागीच उभी राहिली.

लेक तिच्याकडं वळली. "आई, तुला ठाऊक होतं?"

"मी मेढ्यात पोट घिऊन बसलेली. मला ठावं नसंल तर कुणाला?"

"मग बोलली का नाहीस?"

"त्येंचं त्येंनी सांगायचं. मी आपली दूध बघत हुते."

लेक फळ्याकडं बघत बसली. ती जुळी पोरं अजून रडतच होती. मला वाटलं, गेलं. तिच्या अंगावरचा दागिना मीच काढून घेतला, आणि तोही अशा दिवशी, तिची पोरगी आत कळा सोसत असताना.

"सासूला किती ऐकवलं मी ह्या गोष्टीवर," ती म्हणाली.

मी पुड्याच्या दोऱ्याची गाठ चाळवत बसलो.

"म्हणजे मी पोटात असतानाच अख्ख्या कुंडलानं पेढे खाल्ले."

"पोरगा म्हणून."

"तुमच्या मनात पोरगा असेल. पोटात मीच होते ना?"

मंडळी फस्सकन हसली. डॉक्टरीणही हसली, मग मला वाईट वाटेल म्हणून थांबली. लेक हसत होती, पण पुरती नाही. मग ती हळू म्हणाली, "युनिटात मात्र वाटायला पाहिजे होते तात्या."

"व्हय," मी म्हणालो.

आत नातीचा आवाज वाढला तशी डॉक्टरीण पळाली. आम्ही तिघं त्या दाराकडं तोंड करून उभे राहिलो. मग आवाज थांबला, मग दुसराच एक बारीक, रागीट आवाज आला. दार उघडून तीच डॉक्टरीण बाहेर आली. मास्कच्या वर तिचे डोळे हसत होते. "मुलगी झाली. दोघी छान आहेत."

मंडळीनं भिंतीला टेकून देवाचं नाव घेतलं. मी पुड्याचा दोरा सोडला. लेकीनं त्यावर हात ठेवला.

"थांबा. आधी माझे."

"तुझे?"

"राहिलेत ना? मग."

तिनं पहिला पेढा माझ्या हातून खाल्ला, फोटोबिटो काही नाही. मग मला दंडाला धरून वॉर्डात घेऊन गेली. सिस्टर "आजोबा, पुरुषांना आत नाही" म्हणत होती, तिच्या हातावर लेकीनं एक पेढा ठेवला, तेव्हा ती दारापर्यंत या म्हणाली. दारात सुनांच्या, लेकींच्या उशाशी बसणाऱ्या बायांची गर्दी होती. पहिली होती जतकडची एक म्हातारी, काष्टा घातलेली.

"काय झालं वो?" तिनं हात पुढं करत विचारलं.

सवयीनं माझ्या तोंडात ते जुनं वाक्य आलं होतं. गिळलं. "मुलगी झाली."

"कवा?"

मी लेकीकडं बोट केलं. "ही. वाटायला जरा उशीर झाला."

म्हातारीनं पेढा तोंडात टाकला, लेकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिचे पिकायला लागलेले केस पाहिले. "लय मोटी झालीया की," ती म्हणाली. "ब्येस हाय. आनी एक द्या, सुनंला."

दारातली सगळी गर्दी हसली आणि हात पुढं आले. प्रत्येकीला मी तेच सांगत गेलो, मुलगी झाली, ही. लेक शेजारी उभी राहून मान हलवत होती, नवरीसारखी. बघता बघता पुडा रिकामा झाला. मंडळीनं तळाचा चुरा हातावर घेतला आणि म्हणाली, "मला त्या येळंला ह्यो चुरा बी मिळाला न्हवता."

डॉक्टरणीनं विचारलं, फळ्यावर आता काय लिहू? लेक म्हणाली, "घडलं तसं लिहा. युनिटातलंही लिहा." ते अजून तिथं लावलेलं आहे, लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी इथंही सगळं लिहायला बसलो.

त्या दिवशी पुडा संपला तोच फोन वाजला. नातजावई पुण्यात पोचला होता. मागं गाडीचा भोंगा, चहावाल्यांचा ओरडा.

"आजोबा, काय झालं?"

"मुलगी झाली," मी म्हणालो. "दोघी बऱ्या आहेत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "पेढे ठेवा माझ्यासाठी."

"संपले," मी म्हणालो. "ते दुसऱ्याच एका पोरीचे होते. हिचे तू घेऊन ये, आणि तूच वाट."