ओर्लिनची वीस काडतुसं

ओर्लिन हॅगनला आमच्या गावात कुणी वाईट म्हणत नाही. वाईट म्हणायलासुद्धा आधी माणसाकडे नीट पाहावं लागतं. हिवाळ्यात तो रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवायचा, उन्हाळ्यात त्याच रस्त्याचे खड्डे बुजवायचा, बोलताना अडखळायचा, आणि दर ऑक्टोबरात आमच्या शिकारीच्या तळावर स्वयंपाक करायचा. अशी सव्वीस वर्षं त्याने काढली.

तळाचा नियम त्याच्या बापाने घातलेला. ज्याने आपली काडतुसं स्वतःच्या हाताने भरली असतील त्याने डोंगर चढून एल्क हरीण मारायचं. जो दुकानातली आणील त्याने बीन्स शिजवायचे आणि भांडी घासायची. थोरला भाऊ रॉइस बाराव्या वर्षीच बापाशेजारी बसून भरायला शिकला. ओर्लिन शिकायला बसला त्या पहिल्याच दिवशी त्याच्या हातून बंदुकीच्या दारूचा डबा सांडला, आणि बापाने त्याला खोलीबाहेर काढलं ते कायमचं. पुढे बाप मेला. मरताना काय वाटलं कोण जाणे, आपली जुनी रायफल त्याने ओर्लिनच्या नावे केली. तेव्हापासून रॉइस धाकट्याला पाण्यात पाहायचा.

त्रेपन्नाव्या वर्षी ओर्लिनने काडतुसं भरायला शिकायचं ठरवलं. आधी रॉइसकडे गेला.

"मला द-दाखवशील?"

"तुला बीन्समध्ये मीठ किती घालायचं ते अजून कळत नाही," रॉइस म्हणाला. "दारू कसली मोजतोस?"

म्हणून तो माझ्याकडे आला. मी फार काही शिकवलं असं नाही. एवढंच सांगितलं, की टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा ठेव, रेडिओ बंद कर, आणि कंटाळा आला की ऊठ. बाकी तो पुस्तकातून शिकला. गावातल्या एका विधवेकडून त्याने काडतुसं भरायचं जुनं दाबयंत्र आणलं आणि कपडे धुवायच्या खोलीत बसवलं. पहिल्या आठवड्यात वंगण लावायला विसरला, तर काडतुसाची पितळी पुंगळी यंत्रातच अडकून बसली. मला फोन करून म्हणाला, "डेल, हे ब-बाहेरच येत नाही रे!" ही गोष्ट मीच नेमबाजीच्या क्लबात रंगवून सांगितली. सगळे पोट धरून हसले.

पण माणूस चिवट. एकेक पुंगळी घासून पुसून चकचकीत करायचा, बुडाला ठिणगीची टोपी अंगठ्याने चाचपून बसवायचा. दारू तीनदा तोलायचा. वाऱ्याने तराजूचा काटा हलतो म्हणून बायकोला, जोलीनला, कपडे वाळवायचं यंत्र लावू द्यायचा नाही. "महिनाभर ओल्या मोज्यांत फिरतेय," ती मला म्हणाली, "पण घरात शीळ घालत हिंडतो हल्ली." गोळी बसवण्याआधी वीसही पुंगळ्या ओळीत उभ्या करून तो बॅटरीच्या उजेडात आत पाहायचा, दारू सगळ्यांत सारखी आहे ना. शिशाच्या गोळ्या त्याने बापाच्या साच्यातून ओतल्या. तो साचा रॉइसकडे असायचा. त्याने दिला, आणि हसून दिला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सप्टेंबरातल्या शनिवारी सकाळी ओर्लिन वीस काडतुसं घेऊन क्लबच्या मैदानावर आला. अंगात इस्त्रीचा शर्ट. रॉइस म्हणाला, "वीसच्या वीस नीट उडाली, तर यंदा तू डोंगर चढशील. भांडी मी घासेन." ओर्लिनचा चेहरा असा उजळला की मला कसंतरीच झालं.

तो निशाणाचा कागद लावायला शंभर पावलं लांब गेला, टेबलापाशी आम्ही दोघंच उरलो, तेव्हा रॉइसने खिशातून एक काडतूस काढलं. त्याच साच्यातली गोळी, तसलीच पुंगळी, बुडाला ठिणगीची टोपी, आत दारू मात्र नाही. डब्यातलं सहावं उचलून त्याने हे तिथे ठेवलं. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आमच्याकडे कुणी आपल्या बंदुकीत घालत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. रॉइसने ते भावाच्या डब्यात घातलं आणि मला डोळा मारला.

"नुसतं फुस्स होईल," तो म्हणाला. "मग विचारू, आचारी, मसाला घालायचा राहिला वाटतं?"

"आणि गोळी नळीत अडकली तर?"

"अरे, थांबेल की तो. पुस्तकात पहिल्या पानावर आहे. नाहीतर मी ओरडेन."

नळीत अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली की काय होतं हे आमच्या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तरी मी गप्प बसलो. का, ते आजही नीट सांगता येत नाही. मला वाटतं, मलाही गंमत बघायची होती.

ओर्लिन आला, कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या चढवून बसला. पाच गोळ्या कागदावर तळहाताएवढ्या जागेत बसल्या. आम्ही सातआठ जण त्याच्या पाठीमागे उभे, मी सगळ्यांच्या मागे. सहाव्याला फुस्स झालं. रॉइस खो-खो हसत सुटला, त्याच्यामागे सगळे. मीसुद्धा. ओर्लिनने मागे वळून पाहिलं. कानांवर टोप्या असल्याने त्याला ऐकू काही येत नव्हतं, दिसत होते ते फक्त आमचे दात. त्याचा चेहरा लाल झाला. थांबायचं, नळी तपासायची, हे सगळं त्याला पाठ होतं. पण सव्वीस वर्षांचं हसणं त्याला लवकरात लवकर थांबवायचं होतं. त्याने रायफलची कडी मागेपुढे ओढून सातवं काडतूस आत घेतलं. रॉइस ओरडला, पण हसता हसता ओरडला, आणि ओर्लिनला तेही ऐकू गेलं नाही.

त्याने चाप ओढला आणि नळी मध्येच फाटली. डाव्या हाताची तीन बोटं आम्हाला गवतात शोधावी लागली.

सगळं गाव म्हणालं, नवशिका, दारूच घालायला विसरला. हे वाक्य पहिल्यांदा रॉइसच बोलला, रुग्णवाहिका येण्याच्याही आधी. मी तिथेच होतो. मी नाही म्हणालो नाही.

आठवड्याने मी इस्पितळात गेलो, तर रॉइस खाटेशी बसला होता आणि ओर्लिन रडत होता.

"बाबांची र-रायफल घालवली मी," तो भावाला म्हणत होता. "मला माफ कर, रॉइस. तू शेजारी असतास तर तुलाही ल-लागलं असतं."

रॉइसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे. केलं माफ." आणि माझ्याकडे न पाहता निघून गेला.

मी खुर्चीवर बसलो. सांगायचं म्हणूनच आलो होतो, जोलीनसमोर सांगेन असं ठरवलंही होतं. पण ती बाहेर गेलेली.

"डेल," ओर्लिन म्हणाला, "तीनदा तोललं होतं रे मी. बॅटरी लावून पाहिलं होतं. एक कसं राहिलं?"

"पहिल्या वेळी होतं असं," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. पटलं त्याला. दाबयंत्र मला घेऊन जा म्हणाला, घरात नको आता ते. मग उरलेल्या चांगल्या हाताने त्याने माझं मनगट धरलं.

"बाकीचे सगळे हसले," तो म्हणाला. "तू नाही हसलास."