लाल बिल्ला

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि काही ठिकाणी शब्द खोडून वर लिहिलेत, त्याची माफी मागते. हे कोणाला दाखवायचं नाही. तरी माफी मागते, कारण चौथीच्या पुढं शाळा झाली नाही आणि लिहायला बसले की बाई मागं उभ्या आहेत असं अजून वाटतं.

हिंगणघाटच्या एका कारखान्यात मी दहा वर्षांच्या वर गोदामात आहे. दवाखान्यात लागतो तो कापूस तिथं बनतो, आणि जखमेवर बांधायच्या पट्ट्या. कापसाच्या गुंडाळ्या खोक्यात भरतात, खोकी गोदामात येतात, गोदामातून गाडीत जातात. हे आणणं-नेणं आम्ही सहा बायका करत होतो, डोक्यावर. चुंबळ, त्यावर खोकं. कापूस हलका असतो पण खोकं मोठं, समोरचं दिसत नाही.

मला तिथं मावशीनं लावलं. सख्खी मावशी नाही, आमच्याच वस्तीतली. माझा नवरा बांधकामावरून पडला आणि पायानं अधू झाला, तेव्हा मी काम मागायला तीन ठिकाणी गेले आणि तिन्ही ठिकाणी दारातून परत आले. तोंडातून शब्दच निघेना. मावशी मला हाताला धरून मुनीमजीपुढं घेऊन गेली.

"हे बोलत नाई," ती म्हणाली. "पण काम करते. बोलाचं काम माह्यावर."

मुनीमजी हसले आणि माझं नाव लिहून घेतलं.

आमची मजुरी खेपेवर होती. मुनीमजी दाराशी बसायचे आणि प्रत्येक खेपेला एक पत्र्याचा बिल्ला द्यायचे. गोदामाच्या मधोमध खांबांची ओळ आहे. खांबांच्या अलीकडची खेप असली तर पिवळा बिल्ला, त्याचा एक रुपया. खांबांच्या पलीकडची, म्हणजे मागच्या भिंतीपर्यंतची असली तर लाल, त्याचे दोन. संध्याकाळी बिल्ले मोजून द्यायचे आणि पैसे घ्यायचे.

मी लागले त्याच्या पहिल्याच दिवशी छोट्या गुंडाळ्यांचं खोकं दाराजवळ मोकळ्या जागेत ठेवलं. मावशीनं ते उचललं आणि परत माझ्या डोक्यावर ठेवलं.

"इथं नाई. मांगं."

"काऊन?"

"मांगं म्हनलं ना. ने."

छोट्या गुंडाळ्या रोज जातात. रोज येतात, रोज गाडीत भरतात. रंगीत काठाच्या पट्ट्या महिन्यातून एकदा जातात, त्या मात्र दाराजवळ. महिनाभरात मला कळलं. कोणी सांगितलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही. रोजचा माल मागं असला की येतानाही लाल बिल्ला, जातानाही लाल. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण पुढं मी सगळ्यांना सांगितलं की मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

गोदाम तसं वाईटच होतं. माल माणसाच्या उंचीपर्यंत रचलेला आणि त्याच्या वर पत्र्यापर्यंत सगळं रिकामं. खालची खोकी दबून चपटी व्हायची. नवा माल जुन्याच्या पुढं रचला जायचा, त्यामुळं जुना मागं पडून पिवळा व्हायचा. वाटा इतक्या अरुंद की समोरून खोकं घेऊन दुसरी आली की एकीनं उलटं चालत मागं जायचं. गाडी भरायला अडीच-तीन तास. ड्रायव्हर म्हणायचे, तुमच्याकडं आलो की एक झोप होते.

शेटजींना बाजूला दुसरं गोदाम बांधायचं होतं. तेवढ्यासाठी नागपूरहून एक इंजिनीअर मॅडम आल्या. वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं. दोन दिवस त्यांनी फीत लावून लांबी-रुंदी घेतली, खोकी मोजली, गाडी भरताना घड्याळ लावलं. मग म्हणाल्या, दुसरं गोदाम नको, आहे यातच जागा आहे.

त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून विचारलं, काम कसं करता. मावशीनं पदर डोक्यावर ओढला.

"आमाले काय समजते मॅडम. बैलाले इचारता का गाडीत काय भरलं?"

बाकीच्या हसल्या. मॅडमही हसल्या. मावशीला सगळं समजत होतं, म्हणून ती तसं बोलली. मलाही ते समजलं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या नळावर गेल्या होत्या आणि मी खोक्यांच्या आडोशाला एकटी डबा खात होते. मॅडम आल्या आणि माझ्यासमोर खाली फरशीवर बसल्या. खुर्ची होती तरी. म्हणाल्या, "ताई, तुम्हाला सांगायला दिलं तर तुम्ही कसं लावाल हे सगळं?"

मला असं कधी कोणी विचारलं नव्हतं. माहेरी नाही, सासरी नाही. घरात खाट कुठं ठेवायची हेसुद्धा सासू ठरवायची. मॅडमनी खडू पुढं केला आणि मी घेतला.

मी फरशीवर गोदाम काढलं. दार काढलं, खांब काढले. रोजच्या गुंडाळ्या दाराच्या उजव्या हाताला, अर्ध्या किलोच्या त्याच्या मागं, रंगीत काठाच्या पट्ट्या शेवटच्या भिंतीला. जड पट्ट्या खाली, कापूस वर. माल मागच्या बाजूनं घालायचा आणि पुढच्या बाजूनं काढायचा, म्हणजे जुना आधी जाईल. दोन्ही हात पसरून मी वाट दाखवली, एवढी पाहिजे, म्हणजे दोघींना तोंडासमोर तोंड करून जाता येईल. मॅडमनी माझ्या हातांना फीत लावली. त्या म्हणाल्या की लोखंडी मांडण्या आणू आणि प्रत्येक मांडणीवर अक्षर लिहू. मी म्हटलं, आमच्यात तिघींना वाचता येत नाही, रंगाचा पट्टा द्या. त्यांनी तेही लिहून घेतलं. मी बोलत होते आणि त्या लिहीत होत्या. नऊ वर्षांचं माझ्या डोक्यात कुठं साठलं होतं कोण जाणे.

इथंच थांबले असते तर चाललं असतं. मॅडमनी विचारलं, "मग रोजचा माल आतापर्यंत मागं का ठेवत होते?"

मला गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं एवढं एकच मला जन्मापासून येतं. पण त्या दिवशी मी हसले, आणि त्यांनाही हसू यावं म्हणून म्हटलं, "मांगं ठेवलं का लाल बिल्ला भेटते नं मॅडम."

त्या खूप हसल्या. "हुशार आहात हो तुम्ही," म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं. मला बरं वाटलं. शिकलेल्या बाईला मी हसवलं याचं बरं वाटलं. तेवढ्यासाठी मी ते सांगितलं, दुसरं काही कारण नव्हतं.

दीड महिन्यात गोदाम बदललं. पत्र्यापर्यंत उंच लोखंडी मांडण्या आल्या, त्यांना रंगाचे पट्टे आले. फरशीवर पिवळ्या रेघा मारल्या. ढकलायच्या चार हातगाड्या आल्या, एकेकीवर आठ खोकी. सगळं माझ्या खडूच्या रेघांसारखं. मग शेटजींनी सगळ्यांना बोलावलं.

म्हणाले, खेपेची मजुरी बंद, आता रोजानं. चार गाड्यांना चार बायका पुरे. मावशीचा गुडघा दुखतो, तिच्यानं शिडी चढवणार नाही. आणखी एकीला त्यांनी नाही म्हटलं, तिला पुढच्याच आठवड्यात जिनिंग मिलमध्ये काम लागलं. मावशीला कुठं लागणार होतं? ती तिथं वीस वर्षं होती. तिनं हात जोडले नाहीत, सरळ विचारलं.

"शेटजी, वीस वर्सं झाले. जाताना काई देसान नं?"

शेटजी रागावलेही नाहीत. हसत म्हणाले, "लाल बिल्ल्यांत घेतलं ना इतकी वर्षं? तेवढं पुरे."

मावशीनं एकेकीकडं पाहिलं, तिची नजर माझ्यावर आली आणि तिथं थांबली.

त्याच वेळी शेटजींनी माझं नाव घेऊन पुढं बोलावलं, ही सगळी हिच्या डोक्यातली कल्पना म्हणाले, आणि पाकीट दिलं. त्यात सहा हजार होते. मी ते घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं.

बाहेर नळावर एकीनं विचारलं, "बिल्ल्याचं कोनं सांगतलं वं?"

"मी नाई," मी म्हटलं. "मॅडमनं मोजून काढलं. मले तं मालूमच नव्हतं."

मावशी चुंबळीचं फडकं झटकत होती. "नऊ वर्सं डोक्यावर ओझं वायलं या पोरीनं," ती बाकीच्यांना म्हणाली, "अन् डोक्यात काय चाललं ते आपल्याले समजलंच नाई." मग फडकं खांद्यावर टाकून निघून गेली.

त्या पैशांचा मी कूलर घेतला. उन्हाळा सुरू होत होता आणि नवरा दिवसभर पत्र्याखाली पडून असायचा. तो शेटजींचं भलं चिंतायचा. रविवारी दुपारी मीही त्या वाऱ्यात बसायचे आणि मला वस्तीतलं मावशीचं घर दिसायचं, कारण ते आमच्या खिडकीसमोरच आहे. तिच्या दारावर पोतं ओलं करून टांगलेलं असायचं.

यापेक्षा लाजेची गोष्ट अजून सांगायची आहे. मावशी कामावरून गेल्यावरही मला ते गोदाम आवडायचं. पहिली गाडी पाऊण तासात भरली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "अरे, अजून चहा बी नाई झाला माहा," आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सकाळी दार उघडलं की सरळ वाटा दिसायच्या, मागच्या भिंतीपर्यंत नजर जायची, आणि मला वाटायचं, हे मी लावलं. मग आठवायचं. पण आधी आनंद व्हायचा, नंतर आठवायचं. रोज त्याच क्रमानं.

पौर्णिमेला विहारात जाणं मी सोडलं. मावशी पुढं बसते, मला तिच्या पाठीकडं बघत बसवेना.

मावशी बाजारात बसायला लागली होती, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि मिरच्या घेऊन. एका सोमवारी मी गेले. दहा रुपयांचा सांबार घेतला, आणि दहाच्या नोटेत पाचशेची नोट घडी करून दिली आणि भराभर चालायला लागले. चार पावलंही गेले नसेन.

"ओ बाई!" मावशी ओरडली. "सांबारवाले बाई! तुहे पैसे राह्यले!"

सगळा बाजार बघत होता. मी परत आले. ती पाचशेची नोट दोन बोटांत धरून बसली होती.

"हे काय होय?"

माझा आवाज निघाला तो जरा मोठाच. "मावशी, लाल बिल्ल्याचं मीनंच सांगतलं. मले मालूम होतं. मॅडमले हसवाले सांगतलं."

बाजूची कांदेवाली मोजायची थांबली. मावशीनं नोट माझ्या पिशवीत टाकली.

"मले काय आज समजलं? शेटजीनं बिल्ल्याचं नाव काढलं, अन् तू जमिनीत पाहून राह्यली होती. तवाच समजलं."

"शेटजीनं मले सहा हजार देल्ले. ते तुहे होय."

"व्हय," ती म्हणाली. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. "माहेच होय. पन असे चोरावानी नोको देऊ. घरी येजो, दिवसाढवळ्या येजो, अन् समद्याईच्या पुढं देजो."

कूलर विकावा असं मनात आलं होतं. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कूलर राहू दे, माहा जीव जाईल. मजुरीतून फेड." तसं ठरलं. महिन्याला पाचशे.

दर महिन्याच्या पगाराला मी मावशीच्या ओट्यावर जायचे. ती मला ओट्याखाली उभी ठेवायची आणि नोट हातात घेऊन उजेडात बघायची. शेजारणी विचारायच्या, काहाचे पैसे वं? पहिल्या महिन्यात मावशी माझ्याकडं बघत राहिली. उत्तर मीच द्यायचं होतं. मी सांगितलं. दुसऱ्या महिन्यात दुसरीनं विचारलं, तिलाही सांगितलं. चौथ्या महिन्यापर्यंत वस्तीत कोणी विचारायचं राहिलं नव्हतं. एका महिन्यात नवऱ्याच्या औषधाला पैसे लागले आणि मी तीनशेच नेले. "दोनसे राह्यले," मावशी म्हणाली, एवढंच. पुढच्या महिन्यात सातशे दिले. पाणी तिनं मला सातव्या महिन्यात विचारलं. चहा कधीच नाही.

गेल्या आठवड्यात शेवटचे न्यायचे होते. मावशी मिरच्यांची देठं काढत बसली होती. मला बस म्हणाली. मी ओट्याच्या कडेला बसले.

"गाडी भराले आता किती टाइम लागते?"

तिनं गोदामाचं विचारलं ते पहिल्यांदाच. "पाऊन तास," मी म्हटलं. मग विचारलं म्हणून सगळं सांगितलं. छोट्या गुंडाळ्या कुठं, अर्ध्या किलोच्या कुठं, रंगीत काठाच्या कुठं. ती मिरच्या खुडत ऐकत होती.

"अन् जड पट्ट्या? खाली का वर?"

"खाली."

"खालीच पायजे," ती म्हणाली. "दाराच्या उजव्या हाताले रोजचा माल. मले काय दिसत नव्हतं का वं वीस वर्सं? मी बी तसंच लावलं असतं. मी सांगतलं नसतं, एवढंच."

मी पिशवीतून नोट काढली.

तिनं हात पदराला पुसला आणि पुढं केला. मी पाचशेची नोट दिली. तिनं ती उजेडात धरून पाहिली, घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.

"फिटले," ती म्हणाली.