डोकं दाखवा, मॅडम

"मॅडम, जरा तो स्कार्फ काढता का? मुलांना दिसू द्या, कॅन्सर काय करतो ते."

संस्थेचे सचिव माईकवर बोलले. हसत बोलले. समोर पटांगणात पाचवी ते दहावी, सगळी शाळा मांडी घालून बसलेली. मी स्टेजवर. खांद्यावर त्यांनीच नुकतीच घातलेली शाल. मागं फलक, त्यावर माझा फोटो आणि खाली 'आमची प्रेरणा'.

माझा हात स्कार्फच्या गाठीकडं गेला. खोटं कशाला सांगू, गेला. सहा महिने उपचारात कोणी सांगेल ते करायची सवयच लागली होती. हात वर करा. कूस बदला. श्वास रोखून धरा.

मी ढाणकीजवळच्या तांड्यावरची. एमएस्सी, बीएड. उमरखेडच्या या शाळेत परीक्षा दिली, मुलाखत दिली, गणिताची शिक्षिका झाले. सव्विसाव्या वर्षी मानेत गाठ आली. सहा महिने नागपूरच्या फेऱ्या. एसटीत बा शेजारी प्लास्टिकची पिशवी धरून बसायचा. मला ओकारी आली की खिडकीबाहेर बघायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता आजार दिसत नाही, कामावर जा. तसं लिहूनही दिलं.

तो कागद घेऊन मी शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी वाचलाच नाही. "पालकांच्या तक्रारी येतील," म्हणाल्या. "तुम्ही सध्या ग्रंथालय बघा." ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं आणि एक खुर्ची. स्टाफरूममध्ये सगळ्यांना कपात चहा, मला कागदी ग्लासात. का, विचारलं तर, "तुमच्याच काळजीपोटी." मला खरं वाटलं. मी थँक्यू म्हणाले. रोज म्हणाले. ते आठवलं की आजही अंगाची आग होते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुस्तकांची यादी द्यायला ऑफिसात गेले. दार अर्धं उघडं. आत सचिव मुख्याध्यापिकाबाईंना सांगत होते, "आधीच तांड्यावरची, त्यात हे दुखणं. वर्गात नकोच. कार्यक्रमाला मात्र बसवा. पेपरात फोटो येईल."

सचिवांच्या घरात तीन पिढ्यांची वकिली. बोलणं मऊ. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "तुमची मराठी बरीच शुद्ध आहे हो." तेव्हा मला ती शाबासकी वाटली होती. त्या दारात उभी राहून कळलं. कॅन्सर नसता तरी मी इथं कडेलाच होते. आजारानं यांना फक्त सांगायला कारण दिलं.

तरी दुसऱ्या दिवशी स्टेजवर चढले. नोकरी जाईल ही भीती. दुसरं काही नाही.

आणि आता हे म्हणत होते, स्कार्फ काढा. आत नुकतीच लव फुटलेली. ती आईलासुद्धा मी पुरती बघू दिली नव्हती.

हात खाली आणला. माईक घेतला. शाळेत मी पुस्तकासारखं बोलते. त्या दिवशी तोंडातून घरचंच निघालं.

"डोकं काहून दाखवू, सर? मले वर्गात शिकवू द्या. काहून जाऊ देत नाही, ते सांगा या पोरायले."

सचिवांनी माईक परत घेतला. "मॅडम भावुक झाल्या आहेत," म्हणाले, आणि राष्ट्रगीत सुरू करायला लावलं. ते संपल्यावर मी शाल खुर्चीवर ठेवून खाली उतरले.

घरी बा चिडला. "काहून वाकडं घेतलं त्या लोकायशी? नोकरी देली त्यायनं तुले."

"देली नाही, बा. परीक्षा देऊन घेतली म्या."

याडी, माझी आई, भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं बाला सांगितलं, "बोलू दे तिले. लय दिवस गप होती."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मी आठवी ब मध्ये गेले. मुलं उभी राहिली. मी फळ्यावर समीकरण लिहिलं. पहिली रेघ वाकडी आली, पुसून पुन्हा ओढली. मुख्याध्यापिका दारात आल्या.

"कुणाच्या परवानगीनं?"

"नेमणूकपत्रावर गणित लिहिलंय, मॅडम."

मी उदाहरण पूर्ण केलं.

दुपारी नोटीस आली. बेशिस्त वर्तन, तीन दिवसांत खुलासा. ओळखीचे लोक समजावू लागले. जीव वाचला ना, मग आता शांत राहा. जसं काही वाचण्याच्या बदल्यात गप्प बसायचं मी कबूल केलं होतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. तिच्यात काय निघेल, मला माहीत नाही. तोपर्यंत मान खाली घालून जगायला माझ्याकडं दिवस नाहीत. खुलासा लिहिला. माफी मागितली नाही. डॉक्टरांचा कागद जोडला, एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना यवतमाळला रजिस्टर पोस्टानं पाठवली. शेवटी लिहिलं:

'मला काढायचं असेल तर कारण लेखी द्या. आजार लिहा, नाहीतर जात लिहा. तोंडी सांगितलेलं मी ऐकणार नाही. लेखी मिळेपर्यंत रोज वर्गात जाईन. मिळालं की कोर्टात.'

खाली सही केली. पूर्ण नावानं.